बॅकअप मी उघडून पाहिला नव्हता, अब्बा

प्रिय अब्बा,

सलाम. तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी एकदाही नीट बोलले नाही. फातिहा पढते आणि लगेच उठते. बसले तर बोलावं लागेल, आणि बोलायला लागले तर ती एक गोष्ट सांगावी लागेल, म्हणून. आज मात्र बसले आहे. कारण परवा आपल्या घरी सुमनकाकू येऊन गेल्या.

वरसे गावच्या सुमनकाकू. त्यांच्या मोठ्या मुलाच्या हळदीचे फोटो तुम्ही काढले होते. मी रविवारी पेणहून रोह्याला आम्मीकडे आले, तर त्या ओट्यावर बसलेल्या. धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय म्हणाल्या. मग विचारलं, "त्या हळदीतला ह्यांचा एखादा फोटो कुठं गावला का गो? तुझे अब्बा बोलले होते, मिळाला तर आणून देईन."

मी नाही म्हटलं. असू दे, असू दे, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग मला माहीतच असणार अशा समजुतीनं त्यांनी सांगितलं, की तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात. पडवीत बसलात, पाणी घेतलं नाहीत, आणि हात जोडून म्हणालात, "वैनी, तुमचा माणूस एकदा गेलाच होता, मी दुसऱ्यांदा घालवला."

अब्बा, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या फोटो स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही फोटो गेले ती चूक तुमची असं सांगत होतात, एवढं मी ऐकलं होतं. घरोघर जाऊन हात जोडलेत, हे नव्हतं ऐकलं. आणि ते हात माझ्या चुकीसाठी जोडले जात होते, हे तुम्हाला कुठे माहीत होतं?

म्हणून पहिल्यापासून सांगते. यातलं निम्मं तुम्हाला ठाऊक आहे. पण उरलेलं निम्मं मी तुमच्यापासून लपवलं.

आपल्या घरात भिंतीवर माणसाचा फोटो कधी लागला नाही. दादीला ते चालायचं नाही, आणि ती गेल्यावरही तुम्ही तो नियम पाळलात. पण रोह्यातल्या किती भिंतींवर तुमचे फोटो आहेत! कुणाच्या घरी मयत झालं की चार दिवसांनी कोणीतरी जुनी लग्नातली कॉपी घेऊन तुमच्याकडे यायचं. घोळक्यातून त्या एका माणसाला तुम्ही अलगद बाहेर काढायचात. शर्टाचं वरचं बटण उघडं असलं तर कॉम्प्युटरवर ते लावायचात. मी हसले होते एकदा. तुम्ही म्हणालात, आता त्याला स्वतःला लावता येणार नाय, म्हणून आपण लावायचं.

एकदा एक बाई आल्या होत्या, आठवतं? त्यांच्या नवऱ्याच्या खांद्यावर फोटोत दुसऱ्या कुणाचा तरी हात होता. तुम्ही तो पुसायला घेतलात तर म्हणाल्या, राहू द्या, तो त्यांच्या भावाचा आहे, तोही गेला. तुम्ही तो हात तसाच ठेवलात. नुसता हात, मनगटापर्यंत. मला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

जुन्या निगेटिव्ह तुम्ही पत्र्याच्या पेटीत ठेवायचात, कागदाच्या पाकिटात, वर नाव आणि गाव. नंतर सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि तुमची झोप गेली. "निगेटिव्ह हाताला लागते," तुम्ही म्हणायचात. "हे लागत नाय." कॉम्प्युटर विकणाऱ्यानं बॅकअपचं एक विकतचं सॉफ्टवेअर घालून दिलं होतं. दोन वर्षांनी ते बनवणारी कंपनीच बंद पडली, आणि त्यानं बनवलेल्या फायली दुसऱ्या कशातच उघडेनात. तेव्हा मूळ फोटो जागेवर होते म्हणून निभावलं. पण तुम्ही घाबरलात. मला फोन केलात, "नसीम, तू ह्यातली शिकलेली. असं काहीतरी बघ की उद्या कंपनी बुडाली तरी लोकांचे चेहरे बुडणार नायत."

केवढा अभिमान वाटला होता मला! हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळत होते, ऑर्डरी, मूर्तींच्या फोटोंचा कॅटलॉग, सगळं कॉम्प्युटरवर. जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला आणि वही एका बाजूला. तीन आठवडे मी फुकट मिळणारी, ओपन सोर्स सॉफ्टवेअर शोधत होते. कुठलं किती दाबून बसवतं, कुठलं कुलूप लावतं, कुठलं मागच्या तारखेचं परत काढून देतं.

मग एका रविवारी रोह्याला येऊन तुम्हाला समजावलं. ओपन सोर्स म्हणजे ते कसं बनवलंय हे सगळ्यांसाठी उघडं असतं. ज्यानं बनवलं तो उद्या सोडून गेला तरी दुसरा कोणी ते पुढे चालवू शकतो, फायली अडकून राहत नाहीत. तुम्ही चष्मा लावून ऐकत होतात. म्हणालात, "म्हणजे मसाला न लपवता केलेलं कालवण. चालेल."

दोन शिल्लक राहिली होती. एक अगदी साधं. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर जे फोल्डर आहेत तेच जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं. डिस्क लावा, फोल्डर उघडा, फोटो समोर. दुसरं हुशार होतं. ते प्रत्येक फायलीचे तुकडे करायचं, एकच तुकडा दोनदा ठेवायचं नाही, सगळं दाबून लहान करायचं, वर पासवर्डचं कुलूप. त्या डिस्कमध्ये कोणी डोकावलं तर आकड्यांच्या नावाची शेकडो खोकी दिसायची, फोटो एक नाही.

तुम्हाला पहिलं हवं होतं. तुम्ही ते बोललातही. मी म्हटलं, अब्बा, ह्यात जागा वाचते.

खरं सांगू? जागा वाचत नव्हती. कॅमेऱ्यातून आलेला फोटो आधीच दाबलेला असतो. पिळून काढलेलं फडकं परत पिळलं तर किती पाणी निघणार? पहिल्याच दिवशी आकडे बघून मला ते कळलं होतं. पण तोपर्यंत मी ते शिकले होते, आणि शिकलेलं मला दाखवायचं होतं. तुमच्यासाठी निवडते असं म्हणत मी स्वतःसाठी निवडलं.

लावून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आता उघडून दाखव बघू."

मी सांगितलं की ते तसं नसतं. ते बंद पेटीसारखं असतं, गरज पडली की उघडायचं. तुम्ही मान हलवलीत. पुढच्या महिन्यात परत विचारलंत. त्यानंतर ईदला आले तेव्हा परत. तिसऱ्या वेळी मी चिडले, म्हटलं रोज दुपारी हिरवी खूण येते ना, मग झालं. तुम्ही परत कधी विचारलं नाही.

रोज दुपारी तुम्ही जोहरच्या नमाजला आणि जेवायला स्टुडिओ बंद करायचात, तेव्हा ते चालायचं. परत आलात की हिरवी खूण बघायचात आणि मला मेसेज करायचात, "आज पण यशस्वी." शेवटी शेवटी मी ते मेसेज उघडतही नव्हते.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते.

फोटो फार झाले म्हणून मी तुमच्या कॉम्प्युटरला एक मोठी डिस्क आणून आत बसवली होती. एका रविवारात सगळे फोटो जुन्या जागेवरून नव्या जागेवर हलवले. आम्मीनं बोंबील तळले होते, मला पेणला परतायची गाडी गाठायची होती. फोटो हलवले, पण बॅकअपला नवी जागा सांगायची राहिली. ते बिचारं सांगितल्याप्रमाणे रोज दुपारी जुन्या जागी जायचं. तिथे रिकामं फोल्डर. रिकामं फोल्डर ते नीट बांधून ठेवायचं आणि यशस्वी म्हणायचं.

आणि जुने, भरलेले बॅकअप? जागा वाचावी म्हणून मीच नियम घातला होता, तीन महिन्यांपेक्षा जुनं पुसून टाक. त्यानं तेही इमानदारीनं केलं. तीन महिन्यांनी तुमच्या त्या डिस्कवर, अब्बा, एकही चेहरा उरला नव्हता. तुम्ही रोज मला यशस्वी म्हणून कळवत होतात.

वर्षभर हे चाललं. ह्या वर्षभरात कारखान्यात काय चालू होतं सांगते. आमचे शेठ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या टेबलाशी यायचे आणि बॅकअपमधून एक मूर्ती काढून दाखवायला सांगायचे. मागल्या साली ती मोरावर बसलेली होती ना, ती काढ. मी काढून दाखवायचे. तिथली प्रत्येक मूर्ती मी दर महिन्याला उघडून बघत होते, कारण तिथे मी नोकर होते. तुमच्याकडे मुलगी होते, म्हणून एकदाही बघितलं नाही.

डिस्क गेली त्या दिवशी मी रोह्यातच होते. गणपती झाले की कारखाना काही दिवस बंद असतो. दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि परत आली तेव्हा कॉम्प्युटरमधून घड्याळासारखा टिकटिक आवाज यायला लागला. तुम्ही मला बोलावलंत. तुम्ही घाबरलेले नव्हतात. हसून म्हणालात, तुझी पेटी उघडायची वेळ आली.

मी बॅकअपची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, पासवर्ड घातला. यादी आली. सगळ्यात अलीकडचं उघडलं. फायली शून्य. त्याच्या आदल्या दिवशीचं उघडलं. शून्य. आदल्या आठवड्याचं, आदल्या महिन्याचं. मला त्या क्षणी कळलं होतं, अब्बा. नंतर कळलं असं नाही. तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, तो रविवार आणि ती गाठायची गाडी, सगळं आठवलं.

तुम्ही मागे उभे होतात. "काय झालं?"

तेवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या बोर्डावर गेली. बॅकअपच्या डिस्कची पिन तिथे असायची. तिथे टेबलफॅनची पिन होती. मी विचारलं, "अब्बा, इथली पिन कोणी काढली?"

"मी काढली. सकाळी लय उकडत होतं म्हणून पंखा..." तुम्ही तिथेच थांबलात.

मी म्हटलं, "मग बॅकअप कसा होणार?"

एवढंच बोलले मी. मनात कितीदा तरी ते वाक्य तपासून पाहिलंय, खोटं आहे का म्हणून. शब्दाला शब्द खोटा नाही. पिन त्याच दिवशी सकाळी निघाली होती, आणि एका दिवसाच्या पिननं सगळ्या वर्षांचे फोटो जात नाहीत, हे तुम्हाला समजावणारी एकटी मी होते. मी गप्प बसले. तुम्ही स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "म्हणजे माझ्या हातानं गेलं."

ती बिघडलेली डिस्क मी पनवेलला एका माणसाकडे नेली. आतली तबकडी ओरखडली गेलीय, काही निघणार नाही, असं त्यानं सांगितलं. पत्र्याच्या पेटीतल्या निगेटिव्ह तेवढ्या वाचल्या. त्यानंतरचं सगळं गेलं.

सुमनकाकूंचे यजमान त्यानंतर दीड महिन्यानं गेले. शिफ्ट संपवून घरी येताना, रस्त्यावरच्या अपघातात. हळदीचा अल्बम करायचा राहिला होता, फोटो नंतर बसून निवडू म्हणाल्या होत्या त्या. काका त्या हळदीत नाचले होते, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. एरवी तो माणूस कॅमेऱ्यासमोर यायचा नाही. आता त्यांच्या भिंतीवर कंपनीच्या गेटपासवरचा फोटो मोठा करून लावलाय. तोही तुम्हीच करून दिलात. त्यात त्यांचे डोळे अर्धे मिटलेत. ते तुम्हाला उघडता आले नाहीत.

घरी आम्मीनं त्या पंख्याचं निमित्त धरलं. कुणी स्टुडिओचं नाव काढलं की ती म्हणायची, घडीभर वाऱ्यापायी लोकांच्या आठवणी घालवल्या ह्यांनी. तुम्ही ऐकून घ्यायचात. पंखा तुम्ही माळ्यावर टाकलात. त्या ऑक्टोबरात मी आले तेव्हा तुम्ही स्टुडिओत घामानं थबथबून बसला होतात, गळ्यात टॉवेल. मी म्हटलं, पंखा का काढून ठेवला? तुम्ही म्हणालात, नको त्याचं नाव.

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात कोणी नव्हतं. मी तुम्हाला सरबत आणून दिलं.

आणि मग पेणचं हॉस्पिटल. तुम्हाला माझ्या घराजवळ ठेवलं, म्हणजे माझं येणं-जाणं सोपं. शेवटच्या आधीच्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. तुम्ही माझा हात धरलात. "नसीम, तू येवढी खपून ते लावून दिलंस. आणि मी एका पंख्यापायी घालवलं. तुला राग आला असेल माझा."

मी म्हटलं, "नाही अब्बा. माझा काही राग नाही. मी माफ केलं."

मी माफ केलं! मी, तुम्हाला! तुमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तुम्ही माझा हात थोपटलात. अब्बा, आजवर मी जे काही केलं त्यात ह्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. डिस्क हलवताना चुकले, ती चूक होती. चुका होतात. पण तुम्ही मरणाच्या बिछान्यावर माझ्याकडे माफी मागितलीत आणि मी ती, माझ्या हक्काची असल्यासारखी, देऊन टाकली. काय अडचण होती मला? तुम्ही रागावला असतात? तुम्ही कधी कुणावर रागावलात? उलट सुटला असतात. एका वाक्यात तुम्ही सुटला असतात, आणि ते वाक्य माझ्या तोंडात होतं.

परवा ओट्यावर मी सुमनकाकूंना सगळं सांगितलं. आम्मी आत चहा ठेवत होती. मी हळू आवाजात बोलत होते, आणि हळू बोलतेय याचीही लाज वाटत होती. पिनचं, रिकाम्या फोल्डरचं, हॉस्पिटलचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग त्यांना जित्तेपणी का नाय सांगितलंस?"

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी केली की नाही, कळलं नाही. पदर सावरत उठल्या आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग गो? तुझ्या आईला सांग. ती अजून त्यांनाच नावं ठेवते." आम्मी चहा घेऊन आली तोवर त्या रस्त्याला लागल्या होत्या. आम्मी विचारत होती, अशी कशी गेली चहा न घेता? मी म्हटलं, घाई होती त्यांना. बघा, परत खोटं बोलले.

त्या दिवसापासून मी इथेच आहे. कारखान्यात रजा सांगितलीय. काल पत्र्याची पेटी उघडली आणि निगेटिव्ह एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. बॅकअपला ह्या वेळी ते साधं सॉफ्टवेअर घेतलंय, तुम्हाला हवं होतं ते. दाबणं नाही, कुलूप नाही. फोल्डरवर गावाचं नाव, फोटोवर माणसाचं, तुमच्या पाकिटांवर होतं तसं. एक डिस्क इथे राहील, एक मी जाताना पेणला नेईन. संध्याकाळी डिस्क लावून दहा-बारा फोटो उघडून बघितले. उघडले. हे तेव्हा करायला मला पाच मिनिटं लागली असती.

आज दुपारी वरशाला गेले होते. सुमनकाकूंकडे नाही, त्यांच्या शेजारी. हळदीला आलेल्यांपैकी कुणाच्या मोबाइलवर काही आहे का विचारत फिरले. प्रत्येक घरी आधी खरं काय झालं ते सांगितलं, मग विचारलं. दोन घरी मला बसा म्हटलं, एका घरी नाही म्हटलं. एका पोरीच्या जुन्या मोबाइलवर एक व्हिडिओ निघाला. त्यात काका दोनदा येऊन जातात, कडेनं, हात वर करून. चेहरा एकदाच सरळ दिसतो, आणि तोही हललेला. भिंतीवर लावण्यासारखं त्यातून काही निघेल असं वाटत नाही. पण डोळे उघडे आहेत. तो मी दोन्ही डिस्कवर ठेवलाय. उद्या सुमनकाकूंकडे घेऊन जाईन. त्यांनी दारात उभं केलं तरी जाईन.

तुम्ही ज्या ज्या घरी गेला होतात त्या सगळ्या घरी मी जाणार आहे. मला यादी माहीत नाही, विचारत विचारत जाईन. पंख्यानं काही झालं नव्हतं, अब्बांनी काही केलं नव्हतं, हे माझ्या तोंडानं सांगेन.

पण त्या आधी एक घर आहे. आम्मी आत तांदूळ निवडत बसलीय. तिला वाटतंय मी ऑफिसचं काही लिहितेय. संध्याकाळची, मगरिबची अजान व्हायला अजून वेळ आहे. हा कागद घेऊन मी तिच्यासमोर बसणार आहे आणि पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. ती मध्ये रडली तरी थांबणार नाही, मी रडले तरी थांबणार नाही. मी माफ केलं म्हटल्याचा भाग आला की तो गाळणार नाही. हा माझा शब्द आहे, अब्बा. वाचून झाल्यावर ती मला काय म्हणेल ते म्हणू दे. तुम्हाला मात्र ह्या घरात परत कोणी बोल लावणार नाही.

तुमची,
नसीम